दुपारचा पहारा

त्या वर्षी माझा देवाशी अबोला होता. देव्हाऱ्यात दिवा नाही, देवांना अंघोळ नाही, चतुर्थी-एकादशीची आठवण नाही. देव मानत नव्हते असं नाही, मानत होते म्हणूनच तर अबोला. आपण अबोला धरतो तो हक्काच्या माणसाशीच. माझी लेक ऋतुजा तेव्हा अकरावीत होती, आजारी होती, आणि तिच्या आजाराचं नाव मला चारचौघांत घेता येत नव्हतं. कावीळ असती तर निम्म्या गल्लीने झाडपाल्याची औषधं आणून दिली असती. पण पोरीला भिंतीपलीकडून माणसं आपल्याविषयीच बोलतात असं ऐकू येतं, ती झोपत नाही, जेवणात कुणी काही घातलंय म्हणून ताट सरकवते, हे कुणाच्या कानावर घालायचं?

आम्ही नगरजवळ भिंगारला राहतो. हे लष्कराच्या एका कार्यालयात मुलकी नोकरीला होते आणि मी घरी ब्लाउज शिवायचे. ऋतू लहानपणी इतकी बडबडी होती की गल्लीतल्या प्रत्येकाची नक्कल तिच्याकडे तयार असायची. दूधवाल्यापासून तिच्या वडिलांच्या साहेबांपर्यंत कुणीही सुटायचं नाही. आजही संध्याकाळी गल्लीत पोरी हसल्या की मला ती परकरातली ऋतू दिसते, कमरेवर हात ठेवून शेजारणीसारखी भांडणारी. ती हळूहळू गप्प होत गेली. आम्ही म्हटलं, अभ्यासाचा ताण असेल. मग एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते, ती माझ्याजवळ आली, दोन काड्या हातात घेतल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मी नसले तर तुम्हाला बरं पडेल ना?" मी मेथी तशीच टाकली. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिला नगरमधल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई भल्या होत्या. त्यांनी आजार समजावून सांगितला, गोळ्या सुरू केल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या, आणि सध्या तिला एकटं सोडू नका असं बजावलं. मग मला विचारलं, "तुमच्याबरोबर आणखी कोण आहे?" मी म्हटलं, मी आहे ना. त्यांनी मान डोलावली, पण पुढच्या खेपेलाही हाच प्रश्न, त्याच्या पुढच्या खेपेलाही हाच. मला त्यांचा राग यायचा. आई असताना आणखी कोण लागतं?

मी शिवणकाम बंद केलं. ती न्हाणीघरात गेली की दार लोटलेलंच ठेवायला लावायचे आणि बाहेर पाटावर बसून राहायचे. कपडे वाळत घालताना एक डोळा दोरीवर आणि एक खिडकीवर. हे कामावरून आले की तिच्याजवळ बसायचे, पण मला त्यांच्यावरही सोपवून निजवत नसे. शेजारच्या शेखभाभी अधूनमधून काहीबाही करून आणायच्या. मी ते दारातच घ्यायची, अशक्तपणा आहे, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय, असं म्हणायची आणि दारातूनच भांडं परत द्यायची. भाभी कधी आत डोकावल्या नाहीत. मला ते बरं वाटायचं, आणि दार लावल्यावर रडूही यायचं. माहेरीसुद्धा मी याच आजाराच्या भीतीने वर्षभर पाय ठेवला नव्हता. फक्त दादाला एकदा फोनवर सगळं सांगितलं होतं आणि कुणाला बोलू नकोस म्हणून आईची शपथ घातली होती.

चैत्रात वहिनीचा फोन आला. "वन्सं, सप्ताह बसतोय. लेकीला घिऊन या. तुमचं काई ऐकनार न्हाई मी." मी नेहमीप्रमाणे कारणं काढली. पण ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि येतील म्हणून सांगून टाकलं. खरं सांगते, मी भक्तीने गेले नाही. दुसऱ्या कुणीतरी थापलेली भाकरी खायला मिळेल, एवढाच लोभ होता. डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळ्या चुकवू नका, खुशाल जा म्हणाल्या. गोळ्यांची पिशवी मी कमरेला खोचली आणि आम्ही संगमनेरची एसटी धरली. तिथून पुढे अकोले तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत दादाची जीप होती.

आमचं गाव प्रवरेच्या काठावर आहे. मारुतीचं देऊळ अगदी नदीला लागून, मागच्या दाराने पायऱ्या उतरलं की पाणी. रामनवमीच्या सुमाराला सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला काल्याने उठतो. ते सात दिवस गावात कुणाच्याही घरी स्वतःपुरता स्वयंपाक होत नाही. देवळापुढे भल्या मोठ्या कढईत आमटी उकळते आणि प्रत्येक घरातून भाकरी येतात. धुतलेल्या धोतरावर त्यांची रास लागते. कुणाची भाकरी कुणाच्या पानात जाते ते कुणालाच कळत नाही. लहानपणी मी आईने थापलेली भाकरी ओळखायचा प्रयत्न करायची आणि दरवर्षी चुकायची. त्या आमटीचा, ओल्या मातीचा आणि कापराचा मिळून जो वास असतो, तो आला की मला माझं सगळं बालपण परत मिळाल्यासारखं होतं. त्या दिवशी जीपमधून उतरल्यावर तो वास आला आणि मी पदर तोंडाला लावला.

ज्यांनी सप्ताह पाहिला नाही त्यांना वीणेचा पहारा सांगायला हवा. सात दिवस नाम अखंड चालतं आणि वीणा एकदाही खाली टेकत नाही. एकाने गळ्यात घ्यायची, दोन तास उभं राहून नाम घ्यायचं, मग दुसरा येतो, वीणेच्या आणि आधीच्या माणसाच्या पाया पडतो, आणि पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. तोंडातलं नाम तुटू द्यायचं नाही. आमच्या गावात दुपारचा पहारा बायकांचा, कारण तेव्हा पुरुष रानात असायचे. माझ्या आईचा दुपारचा पहारा ठरलेला होता. मी तिच्या पायाशी मांडी घालून बसायची, तिचं नाम आणि वीणेची तार ऐकत कधी झोपून जायची कळायचंही नाही. जाग आली की आई तशीच उभी असायची. वीणा खाली ठेवायची नाही, नामाशिवाय अक्षर बोलायचं नाही, हे तिने माझ्या मनात इतकं भिनवलं होतं की मी वीणेकडे बघायलासुद्धा भ्यायची.

पहिले दोन दिवस मी ऋतूच्या पदराला पदर बांधल्यासारखी फिरले. गावातल्या बायका येत-जात होत्या. कुणी तिची वेणी घालून दिली, कुणी तांदूळ निवडायला जवळ बसवलं, कुणी उगाच हाक मारून पाणी मागितलं. पोर हूं की चूं करत नव्हती, पण उठून जातही नव्हती. तिसऱ्या दुपारी पहारा वहिनीचा होता आणि तिला भाकरी थापणाऱ्या बायकांनी हाताखाली ओढून नेलं. आमच्या भावकीतली कोंडाआत्या, पंचाहत्तरीची, गुडघे सुजलेली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "तुजी आई हुती तवर ह्यो पहारा कदी चुकला न्हाई. आज तू घे." मी म्हटलं, आत्या, मला नाही जमायचं, ऋतू आहे. "ऋतू कुटं पळून चाललीय? बसंल की तुज्यासमोर." मी ऋतूकडे पाहिलं. ती खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, "घे ना, आई."

गळ्यात वीणा आली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्या हातांना तिच्यापलीकडचं काम मिळालं. सुरुवातीला आवाज फुटेना. मग टाळ वाजवणाऱ्या दोन म्हाताऱ्यांनी सूर धरला आणि मी त्यात शिरले. तार पोटात घुमत होती. आई कशी उभी राहायची, डावा पाय जरा पुढे, ते आठवलं आणि मीही तशीच उभी राहिले. माझे डोळे मिटले. क्षणभरच मिटले असतील. उघडले तेव्हा खांबापाशी कुणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं आणि पायऱ्यांवरून ऋतूची ओढणी खाली जाताना दिसली.

धरणातून आवर्तन सुटलं होतं. नदीला भर उन्हाळ्यातही चांगलं खोल पाणी होतं.

मला आजही नवल वाटतं की मी ओरडले नाही. टाळकऱ्या म्हाताऱ्यांचे डोळे मिटलेले. बाकी सगळी माणसं पंगतीच्या तयारीला पुढच्या अंगणात. माझ्या डोक्यात दोनच गोष्टी होत्या, वीणा खाली ठेवायची नाही आणि अक्षर बोलायचं नाही. पोटची पोर पाण्याकडे चाललीय आणि मी तिथे उभी राहून नाम घेतेय. नाम कसलं, ते रडणंच होतं. देवाशी धरलेला अबोला तिथेच सुटला. मनात म्हणाले, आता तरी ये, माझे हात बांधलेले आहेत.

तेवढ्यात पुढच्या दारातून एक बाई आत आली. गावातली नव्हती. लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला फडकं, हातांवर उसाच्या पाचटाने ओरखडलेल्या रेघा. ऊसतोडीचा हंगाम संपवून पाथर्डीकडे आपल्या गावी परतणाऱ्या टोळीतली होती, हे नंतर कळलं. त्यांचा ट्रॅक्टर पाण्यासाठी रस्त्यावर थांबला होता. तिने मारुतीला हात जोडले, माझ्याकडे वळली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माझ्यासमोर वाकली. ती सगळे पडतात तशी वीणेच्या पाया पडत होती, की तिने मान पुढे केली होती, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी पट्टा काढला आणि तिच्या गळ्यात घातला. पाया पडायचं राहिलं, सांगायचंही राहिलं. पाठीमागे नाम मात्र तुटलं नाही. मी पायऱ्यांकडे धावले तेव्हा तिचा जाडाभरडा आवाज मला ऐकू येत होता.

ऋतू शेवटच्या पायरीवर बसली होती, पोटऱ्या पाण्यात. तिच्या शेजारी, तिच्या हातात हात अडकवून, कोंडाआत्या. ज्या बाईला स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडताना आई आठवते, ती पोरीच्या आधीच एवढ्या पायऱ्या उतरून बसली होती आणि आपल्या कुठल्याशा जुन्या म्हशीची गोष्ट रंगवून सांगत होती. मला पाहून म्हणाली, "आलीस व्हय? वीना कुनाला दिली?" मी वरच्या पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. आत्याने गोष्ट थांबवली नाही. म्हैस बाजारातून पळून घरी येईपर्यंत आम्हा दोघींना ऐकावंच लागलं.

मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू आल्यापास्नं पोरीच्या मागं कोन ना कोन हाय. तुला दिसलं न्हाई? तुज्या वहिनीनं सगळ्यांस्नी येळ वाटून दिलीय. सकाळी शेवंता, मंग मी, मंग सुताराची सून. वीनेचा पहारा लावतो तसा लावला. त्यात काय येवढं."

"तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं?"

"गावात काय लपतंय का? तू लपवित हुतीस, म्हनून आमीबी लपविलं."

वेणी, तांदूळ, पाण्यासाठी मारलेल्या हाका, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दादाने शपथ मोडली होती. त्या क्षणी मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. मी आत्याला म्हटलं, वीणा गळ्यात होती म्हणून मला हाक मारता आली नाही. ती हसली तेव्हा तिचा एकच दात दिसला. "आगं येडे, मारायची की हाक! देव काय तुजा कान धरनार हुता? तुजी आई तर वीना गळ्यात असताना तुला चार शिव्या हासडायची, तू लई वळवळ करायचीस म्हनून." मला हे काहीच आठवत नव्हतं. मला आठवत होती ती अक्षर न बोलणारी आई. ऋतूने पाण्यातले पाय हलवले आणि कितीतरी दिवसांनी आपणहून काही विचारलं, "आजी, शिव्या कोणत्या?" आत्याने सांगितल्या. त्या इथे लिहिता येणार नाहीत.

वर देवळात आले तेव्हा बराच वेळ होऊन गेला होता. ती बाई तशीच उभी होती, वीणा छातीशी धरून. बाहेर रस्त्यावर तिची टोळी खोळंबलेली, पोरंबाळं पंगतीला बसवलेली. पुढची पहारेकरीण येऊन तिच्याकडे बघत गोंधळून उभी होती, ही कोण म्हणून. बाईने मला पाहिलं आणि नामातूनच जरा थांबून विचारलं, "गावली का लेक?" मी जाताना काही बोलले होते का, मला आठवत नाही. मी म्हटलं, गावली. "मग बरं झालं." मी माफी मागायला लागले, तुम्हाला उगाच अडकवलं, एवढा वेळ उभं ठेवलं. ती म्हणाली, "उभं ऱ्हायाचं काय मोठं काम हाय व्हय? सारा हंगाम वाकूनच होते. आज ताठ उभी ऱ्हायले." मी वीणेच्या पाया पडले, मग तिच्या. ती माझ्या पाया पडली. पट्टा पुढच्या बाईच्या गळ्यात गेला. वहिनीने भाकरी आणि आमटीचा डबा तिच्या हातात दिला, रस्त्यावरून ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला आणि ती गेली. तिचं नाव विचारायचं सुचलंच नाही. पुढच्या प्रत्येक सप्ताहात माझं लक्ष पुढच्या दाराकडे असतं. अजून ती आलेली नाही.

उरलेले दिवस मी वहिनीच्या मागच्या खोलीत दुपारी झोपत गेले. पहिल्या दिवशी तर अशी झोपले की हरिनामाचा गजर, भांड्यांचा खडखडाट, काही कानावर आलं नाही. उठले तर ऋतू सुताराच्या सुनेबरोबर पत्रावळ्या मोजत होती. त्या चार-पाच दिवसांची आठवण मी फार जपून ठेवली आहे. कोंडाआत्या आता नाही. देवळाला नवी फरशी बसली, आमटीच्या कढईखाली गॅस आला. पण डोळे मिटले की मला त्या मागच्या खोलीतला गारवा, कणगीचा वास आणि बाहेर माझी पोर कुणाच्या तरी नजरेत आहे हा निवांतपणा पुन्हा जाणवतो. एवढं सुख मला माझ्या लग्नाआधी मिळालं असेल तेवढंच.

भिंगारला परतल्यावर मी पहिल्यांदा शेखभाभींचं दार वाजवलं. त्यांचं एक भांडं परत द्यायचं राहिलं होतं. उंबऱ्यातच उभी राहून मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "आधी आत या. असल्या गोष्टी दारात सांगतात का?" चहा ठेवता ठेवता त्यांनी आपल्या धाकट्या भावाविषयी सांगितलं, त्याला असंच झालं होतं आणि घरच्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. तेव्हापासून दुपारच्या वेळी ऋतू भाभींकडे बसायची. दोघी मिळून मालिका बघायच्या आणि त्यातल्या सासूला नावं ठेवायच्या. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं, तुमच्याबरोबर आणखी कोण आहे? मी नावं घ्यायला लागले तर त्या हसायला लागल्या, बस बस म्हणाल्या. मग त्यांच्या दवाखान्यातल्या अशाच दोन आया माझ्याशी जोडल्या गेल्या. आम्ही एकमेकींच्या घरी बसतो, पोरांविषयी बोलतो, नवऱ्यांविषयी थोडं जास्त बोलतो.

ऋतू पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. ती बाहेरून परीक्षा देऊन पदवीधर झाली, एका रोपवाटिकेत अर्धा दिवस काम करते, रोपांशी तासन्‌तास बोलते आणि मधूनच त्या रोपवाटिकेच्या मालकाची अशी नक्कल करते की ह्यांना ठसका लागतो. देवाने चमत्कार केला का, मला विचारू नका. आजार त्याने नेला नाही. मी वाट बघत होते की तो एकटा, गदा घेऊन, माझ्या दारात येईल. तो आला ते वेण्या घालत, तांदूळ निवडत, म्हशीची गोष्ट सांगत, आणि माझ्या हातातलं घ्यायला एकदा वाकलासुद्धा. मला एवढंच करायचं होतं, द्यायचं होतं. आणि तेच सगळ्यांत जड गेलं.

मागच्या दिवाळीनंतर तिची झोप पुन्हा उडाली. खिडकीचे पडदे ओढलेले, जेवण अर्धवट. मला चिन्हं ओळखू येत होती. डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्या सकाळी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि आतल्या खोलीतून तिचा आवाज आला. ती फोनवर बोलत होती. "मामी, मला परत तसं व्हायला लागलंय. चार दिवस येशील? आईला एकटीला नाही जमायचं." मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. माझी लेक स्वतःसाठी माणसं बोलावत होती. माझ्यासाठीही बोलावत होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी पहिल्या एसटीने आली, पिशवीत घरचे तांदूळ आणि शेंगदाणे. जेवणं झाल्यावर तिने ऋतूला अंगणात शेंगा फोडायला बसवलं आणि मला दंडाला धरून पलंगाकडे नेलं. मी निजले. मनात देवाला म्हटलं, आता तू आणि वहिनी मिळून बघा. बाहेर त्या दोघी कशावरून तरी हसत होत्या. कशावरून ते विचारायला मी उठले नाही.